ढब्बूच्या शेजारची जागा

सोमवार, ४ मे

पोहोचले एकदाची. बसथांब्यावर काका स्वतः घ्यायला आले होते. माझी बॅग त्यांनी अशी ओढून घेतली की बघणाऱ्याला वाटावं भरदिवसा चोरी चाललीय. घर रस्त्याच्या अगदी टोकाला आहे. त्यापुढे नुसतं गवत आणि गवतापलीकडे तळं. काकूंनी दार उघडलं, पण त्यांच्याआधी बाहेर आला तो ढब्बू. काळाकुळकुळीत, छातीवर पांढरा डाग, तोंडाभोवती म्हातारपणाचे पांढरे केस, आणि पोट असं की चालताना जमीन पुसत जातं. त्याने माझा वास घेतला, माझी एक चप्पल तोंडात धरली आणि सोफ्यामागे निघून गेला. म्हणजे पसंती मिळाली. नोकरीच्या मुलाखती इतक्या सरळ असत्या तर!

दादा सगळ्यांना सांगत सुटतो की माझी बहीण कुत्र्यांची बालवाडी चालवते. चालवते तर चालवते. भित्र्या कुत्र्यांना धीर द्यायचा, एवढं एकच काम मला येतं आणि ते बरं येतं. ढब्बूला ढगांच्या गडगडाटाची भीती आहे. ओळख फोनवरचीच, पण या दोघांना मी काका-काकू म्हणते; काकूच म्हणाल्या होत्या की एकदा गडगडलं की मग तो पाण्यालाही तोंड लावत नाही. इथे या दिवसांत तळ्यावरून दुपारची वादळं उठतात. ती सरेपर्यंत मी इथेच राहायचं असं ठरलंय.

काकांना कमी ऐकू येतं, म्हणून ते ओरडून बोलतात. काकू जवळजवळ ओठातल्या ओठात बोलतात. जेवताना मी दोघांच्या मधे बसून दोन्हीकडे मान हलवत होते. वरची खोली मला दिलीय. चादरीला उन्हाचा वास आहे. ढब्बू जिना चढून आला नाही, पण पायथ्याशी बसून माझ्याकडे बघत राहिला. उद्या चप्पल परत मागेन.

बुधवार, ६ मे

जिन्याखाली एक अडगळीची जागा आहे. तिला खिडकी नाही, दार नाही. आज ती रिकामी केली, जाड गोधड्या अंथरल्या, पुढे पडदा लावला. विजेचा उजेड आत येऊ नये आणि आवाज दबून यावा, यासाठी घरात याहून चांगली जागा सापडली नसती. ढब्बू आधीपासूनच वादळात तिथे घुसतो, असं काका म्हणाले. मग तर प्रश्नच मिटला. कुत्र्याने निवडलेली जागाच खरी. तिथून त्याला ओढून काढायचं नाही, रागवायचं नाही, उगाच चुचकारायचंही नाही. आपण शेजारी बसायचं आणि आपलं काहीतरी करत राहायचं. शेजारचं माणूस निवांत आहे म्हणजे फार काही बिघडलेलं नाही, हे त्याला हळूहळू कळतं. मी अशा वेळी रोजनिशी लिहिते. एका दगडात... असो.

काकांच्या जुन्या स्वेटरची त्याला घट्ट बंडी शिवली. अंगाभोवती दाब असला की कुत्र्यांना बरं वाटतं. ती घालून तो निवृत्त हेडमास्तर दिसतो.

दुसरा उपाय म्हणजे सराव. माझ्याकडे गडगडाटाचं रेकॉर्डिंग आहे. ते स्पीकरवर आधी अगदी हळू लावायचं, सोबत आवडता खाऊ द्यायचा, आणि कुत्रा खात राहिला तरच दुसऱ्या दिवशी किंचित वाढवायचं. आज इतकं हळू लावलं की मलाच नीट ऐकू येईना. ढब्बूने कान टवकारले, पण खाऊ सोडला नाही. शाब्बास!

संध्याकाळी काकांनी अंगणातल्या लहान सायकलच्या चाकांत हवा भरली. कुणाची, असं मी विचारलं. त्यांच्या मुलीची. तिला घरात ठकी म्हणायचे. चौथीत होती. तळ्याकाठी वीज पडली त्यात ती गेली. हे सांगताना काका पहिल्यांदाच हळू बोलले. ढब्बू तिचाच. त्याला पिल्लू असताना तिने फ्रॉकमध्ये गुंडाळून घरी आणलं होतं. वादळ आलं की ती त्याच्या शेजारी जिन्याखाली जाऊन बसायची आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहायची.

मी आज जे शिकवायला आलेय, ते त्या पोरीला कुणी न शिकवता येत होतं.

शनिवार, ९ मे

पहिलं वादळ झालं. दुपारी जेवणं उरकली आणि तळ्यावर आभाळ काळं झालं. काकांनी कानातलं यंत्र काढलं, डबीत ठेवलं आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले. मी ढब्बूला बंडी घातली आणि आम्ही दोघं जिन्याखाली शिरलो.

भित्री कुत्री मी खूप पाहिलीत. ती धापा टाकतात, लाळ गाळतात, उकरतात. ढब्बूने यातलं थोडं थोडं केलं. पण मग एक मोठा गडगडाट झाला आणि तो एकदम गप्प झाला. त्याची नजर आवाजाकडे नव्हती, पडद्याच्या खालच्या फटीकडे होती. मग तो उठला, भिंतीला अगदी चिकटून बसला आणि अंग चोरलं. बसमध्ये कुणाला जागा करून देताना आपण सरकतो ना, तसं.

वादळ सरल्यावर पाहिलं तर त्याची एक बाजू ओलीचिंब होती, आणि हात लावला तर बर्फासारखी गार. वर छत कोरडं होतं, भिंतही कोरडी होती. त्याच्या पाठीवरचे केस मानेपासून शेपटीपर्यंत एकाच दिशेने चापून बसले होते.

मी बाहेर येते न येते तोच काकू आत शिरल्या. गोधडीच्या ओल्या भागावर त्यांनी आधी हात ठेवला, मग गाल टेकला. दुःखाच्या तऱ्हा असतात माणसांच्या.

पण ओल कुठून आली?

मंगळवार, १२ मे

जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. ढब्बूचं वजन उतरलंय आणि हृदयाचे ठोके त्यांना आवडले नाहीत. प्रत्येक वादळ त्याच्यातून काहीतरी काढून नेतंय, असं म्हणाले. भीती आटोक्यात आली तर तो अजून कितीतरी जगेल, नाहीतर कठीण आहे. ढग दिसताच द्यायची गोळी त्यांनी दिलीय. मी चालवलेले उपाय त्यांना पटले.

दुपारी सरावाचं रेकॉर्डिंग थोडं मोठं केलं. आभाळ निरभ्र होतं. ढब्बू आधी खात होता. मग त्याने खाऊ तोंडातून खाली टाकला, भिंतीकडे सरकला आणि अंग चोरलं. वारा नसताना पडदा खालून हलला. माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या शेजारची गोधडी दबली. कुणीतरी गुडघे टेकल्यासारखे दोन छोटे खळगे पडले.

मी स्पीकर बंद केला तसे खळगे हळूहळू भरून आले.

बाहेर काकू उभ्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, की आवाज किती ठेवला होता.

शुक्रवार, १५ मे

आजचं नीट लिहून काढायला हवं.

वादळ फार झपाट्याने आलं. गोळीचा अंमल चढायच्या आतच वीज कडाडली. आम्ही आत होतो. ढब्बू सरकला. गारवा आला, तळाशी साचलेल्या पाण्याचा वास आला, आणि माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर एक लहान मुलगी हळू आवाजात म्हणाली, "भिऊ नको रे. मी आहे ना."

तिचा आवाज इतका गोड होता. त्यात भीती वाटण्यासारखं काहीच नव्हतं. ढब्बूच्या पाठीवर केस चापले जात होते, पुन्हा पुन्हा, वरून खाली, आणि प्रत्येक वेळी त्याच्या अंगातून शिरशिरी जात होती. त्याने शेपूट हलवायचा प्रयत्न केला. हे मी पाहिलं. तो तिला ओळखत होता. तो थिजत होता आणि शेपूट हलवत होता.

मी पळाले. त्याला तिथे सोडून पळाले आणि वर्तमानपत्राआड बसलेल्या काकांचा हात धरला. माझा चेहरा बघूनच ते समजले. त्यांनी यंत्र कानात घातलं नाही, नुसतं बोलत राहिले. ठकी येते. गडगडलं की येते. आणि जो घाबरलेला असेल त्याच्याकडे जाते, कारण ती होतीच तशी. एकदा ती काकांकडे आली होती. पाठीवर हात फिरवला. ते महिनाभर अंथरुणाला खिळले होते, ऊब म्हणून अंगात राहिली नव्हती. तेव्हापासून ते यंत्र काढून ठेवतात. ऐकलं नाही तर भीती वाटत नाही, आणि भीती वाटली नाही तर ती येत नाही.

काका म्हणाले, "पोटच्या पोरीला दार बंद केलंय मी."

आणि काकू? काकू प्रत्येक वादळात वाट बघतात. पण त्यांना भीती वाटत नाही, त्या आसुसलेल्या असतात. त्यामुळे त्यांच्याकडे ती आजवर एकदाही आलेली नाही. हाताला लागते ती फक्त ओली गोधडी.

रविवार, १७ मे

दादाला फोन केला. काही सांगितलं नाही, नुसतं म्हटलं की इथलं हवामान मानवत नाही. तो पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतोय. त्याआधी निघता आलं असतं, पण ढब्बूला असं टाकून जाववत नाही. तो बरा होऊ शकतो. सगळं त्याच्या भीतीवरच अडलंय ना, मग ती मला घालवता येते.

आज ते जमलं. सकाळपासून आभाळ दाटलं होतं, म्हणून गोळी वेळेवर दिली. बंडी घातली, पंखा मोठा केला, चघळायला हाडूक दिलं. मी स्वतः मनातल्या मनात पाढे म्हणत बसले, जेणेकरून माझीही भीती डोकं वर काढणार नाही. तळ्यावर वीज कोसळली आणि ढब्बू घोरत होता. चक्क घोरत होता! आनंदाने माझे डोळे भरून आले.

ती आत आली नाही.

वादळ ओसरल्यावर पडदा सारला. बाहेरच्या फरशीवर ओली पावलं उमटली होती. अगदी लहान. स्वयंपाकघरापर्यंत जाऊन परत आलेली, जिन्याशी थांबलेली, मग काकांच्या खुर्चीभोवती फिरलेली. घाबरलेलं कुणी आहे का, हे शोधत फिरलेली. काकू गुडघ्यांवर बसून त्या पावलांमागून सरकत होत्या आणि प्रत्येक पावलावर तळवा ठेवत होत्या. ती पावलं सुकत चालली होती. मी माझं काम चोख केलं होतं, आणि तरी मला वाटलं की एका मुलीला मी भर पावसात दाराबाहेर उभं केलंय.

बुधवार, २० मे

गोळ्या आणायला बाजारात गेले होते. परत येताना लख्ख ऊन होतं. घराच्या वळणाशी आले आणि गडगडाट ऐकला. वर पाहिलं तर आभाळ निळं.

धावत आत गेले. स्पीकर जिन्याच्या पायरीवर होता, आवाज पूर्ण सोडलेला. भांडी थरथरत होती. काका बाहेर गेले होते. काकू पडद्याबाहेर बसल्या होत्या, भिंतीला कान लावून, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी जन्मात विसरणार नाही. सुख होतं ते.

मी स्पीकरची पिन उपटली.

ढब्बू आत आडवा पडला होता. अंगावर बंडी नव्हती. नखशिखांत भिजलेला. डोळे उघडे, पण उठता येईना. मी त्याला टॉवेलमध्ये घेतलं, पोटाशी धरलं, गरम पाण्याच्या पिशव्या लावल्या. त्याच्यात ऊब भरता येईना.

काकू म्हणत होत्या की आज खूप वेळ थांबली. आज गाणं म्हणत होती. त्यांना शब्द कळले नाहीत, पण चाल कळली. मी काहीतरी फार वाईट बोलले त्यांना. त्यांना ते ऐकूसुद्धा गेलं नसावं.

गुरुवार, २१ मे

ढब्बू गेला. पहाट फुटल्यावर, माझ्या मांडीवर. शेवटी त्याने माझा हात चाटला. जीभसुद्धा गार होती.

काकांनी अंगणात खड्डा खणला. कुणाला हात लावू दिला नाही. स्वेटरची बंडी त्याच्यावर घातली आणि खोऱ्याला टेकून लहान मुलासारखे हुंदके देत राहिले. काकू दारातच उभ्या. पुढे आल्या नाहीत.

मी माझी बॅग भरली. त्या चपलेवर त्याच्या दातांच्या खुणा आहेत. ती घालवतही नाही आणि टाकवतही नाही.

शुक्रवार, २२ मे

काकू खोलीत आल्या. माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. आजवर तुम्ही-तुम्ही म्हणायच्या, आज तू म्हणाल्या.

"तुला भीती वाटते ना गं?"

मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू?

मग त्यांनी ते सगळं सांगितलं, जे काकांनी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी वीज कडाडली आणि ढब्बू फाटकातून पळाला. ठकी त्याच्या मागे धावली, तळ्याच्या दिशेने. ढब्बू मागच्या गल्लीतून वळून केव्हाच घरी आला होता. जिन्याखाली बसला होता. काकू दारातून हाका मारत होत्या, आला गं, ढब्बू आला, परत ये. वाऱ्यात तिला ऐकू गेलं नाही. ती त्याला शोधतच राहिली. त्यांना वाटतं, ती अजून शोधतेय. जो घाबरलेला असेल तो ढब्बू, असं समजून येते.

हे तिला कुणीतरी सांगायला हवं. त्यांना स्वतःला ते सांगता येत नाही, कारण ज्याला भीती वाटत नाही त्याचा आवाज तिला ऐकू जात नाही. काका ऐकायला तयार नाहीत. राहिले मी. त्यांनी माझे पाय धरले. माझ्या आईच्या वयाच्या बाई. एकदाच, असं म्हणाल्या. फक्त एवढं सांग, की ढब्बू घरी आला होता, म्हणजे ती सुटेल. मग जा तू.

मी त्यांना उठवलं. पाठीवर हात फिरवला. दोघी रडलो.

ढब्बूसाठी त्यांच्यावर रागवायचं होतं मला. राग सापडत नाही.

शनिवार, २३ मे

उद्या दादा येतोय. आभाळ भरलंय.

मी जिन्याखाली बसलेय. स्वतःच्या पायांनी आले. काकू पडद्याबाहेर आहेत. काका नको नको म्हणाले, मग यंत्र काढून अंगणात गेले. गोधडीला अजून ढब्बूचा वास आहे.

एकदाच सांगायचं आणि बाहेर पडायचं. कुत्र्यांना सांगते तेच स्वतःला सांगतेय. आवाज आहे नुसता. आवाज काही करत नाही.

कडाडलं —

पुन्हा. जवळ.

पडदा हलला. तोच वास. मी भिंतीकडे सरकलेय, कधी सरकले कळलंही नाही.

आली. दिसत काही नाही. गोधडी दबलीय. पाठीवर हात — एवढासा हात. मानेपासून खाली. गार नाही म्हणता येत, त्याच्या पलीकडचं काहीतरी. जिथे फिरतो तिथलं अंग माझं राहत नाही.

भिऊ नको म्हणतेय.

सांगितलं. मोठ्याने सांगितलं. ठकी, ढब्बू त्या दिवशी घरी आला होता. मागच्या गल्लीने. इथे, या जागेवर बसला होता. तुला आता शोधायला नको.

हात थांबला.

काकू बाहेर रडताहेत. ठकीला ते ऐकू येत नाही वाटतं.

विचारतेय — मग आता कुठे आहे तो?

काय सांगू? परवा — काय सांगू मी हिला? चौथीतली पोर —

तिला कळलं. मुलांना कळतं. रडली नाही. फक्त जवळ सरकली. डोकं माझ्या खांद्यावर. केसांतून पाणी गळतंय, अक्षरं पसरताहेत.

म्हणतेय — तू किती थरथरतेस. तुझी भीती जाईपर्यंत मी थांबते.

गडगडाट लांब गेला. पाऊस थांबल्यासारखा वाटतोय. आता जाईल ती. थोडंच —

नाही. पुन्हा. पण हा आवाज जिन्यावरून येतोय. पायरीवरून. काकू — काकूंनी स्पीकर —

काकू, बंद करा. ओरडले मी. निदान वाटलं की ओरडले. आवाज फुटला की नाही कळत नाही.

बाहेरून काकू विचारताहेत. गाणं म्हणतेय का गं? काय म्हणतेय? सांग ना गं.

पाय जड झाले. बोटं वाकत नाहीत.

पाढे म्हणायचे. भीती गेली की ती जाईल. एवढं सोपं आहे. किती जणांना शिकवलंय मी हे. श्वास लांब घ्यायचा. आवाज आहे नुसता. गोड मुलगी आहे, वाईट काही करत नाही, माया करतेय फक्त. घाबरायचं कशाला? मी घाबरले नाही. ठकी, बघ, मी घाबरले नाहीये, तू जा बाळा, मी अजिबात घाब